जांघेतील हर्निया: गाठ दिसल्यापासून पुन्हा कामाला लागेपर्यंत

आंघोळ करताना जांघेत एक मऊ फुगवटा हाताला लागतो, आडवे झाले की तो नाहीसा होतो आणि दुसऱ्या दिवशी थोडा वेळ उभे राहिले की पुन्हा वर येतो. बहुतेकांना हर्निया प्रथम जाणवतो तो असा. त्यानंतर काही जण दुखत नाही म्हणून वर्षानुवर्षे कोणालाच दाखवत नाहीत, तर काही जण त्याच आठवड्यात ऑपरेशन झाले नाही तर जिवावर बेतेल या भीतीने धावाधाव करतात. वस्तुतः हा आजार क्वचितच घाईचा असतो, मात्र ज्या थोड्या प्रसंगी असतो त्या प्रसंगी हिशेब दिवसांचा नसून तासांचा असतो. सबुरी कुठे चालते आणि कुठे चालत नाही हे ओळखता यावे, या दृष्टीने पुढील माहिती क्रमाने दिली आहे. ती प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही, पण तपासणीला जाताना काय विचारायचे हे तिच्यामुळे नक्की कळेल.

आत नेमके काय घडते

पोटाची भिंत म्हणजे स्नायूंचे आणि चिवट पडद्यांचे एकावर एक असलेले थर. जांघेत मात्र या थरांतून तिरका जाणारा, मोठ्या माणसात सुमारे ४ सेंटीमीटर लांबीचा एक मार्ग निसर्गतःच असतो. पुरुषांमध्ये वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी या मार्गातून जातात, तर स्त्रियांमध्ये गर्भाशयाला आधार देणारा एक बंध त्यातून जातो. मुलगा गर्भात असताना वृषण पोटात तयार होऊन याच वाटेने अंडकोशात उतरतात. त्यामुळे पुरुषांमध्ये ही जागा जन्मतःच जरा सैल असते. म्हणूनच जांघेतील हर्निया आयुष्यात कधी ना कधी होण्याची शक्यता पुरुषांमध्ये सुमारे २७ टक्के, तर स्त्रियांमध्ये सुमारे ३ टक्के मानली जाते. उजव्या बाजूला तो अधिक आढळतो.

सायकलच्या टायरला चीर पडली की तिच्यातून ट्यूबचा फुगा बाहेर येतो. हर्नियात तसेच घडते. पोटाच्या आतील पातळ अस्तराची पिशवी कमकुवत जागेतून बाहेर ढकलली जाते आणि तिच्यात आतड्यांवरची चरबी किंवा आतड्याचे एखादे वेटोळे उतरते. म्हणजे दिसणारी गाठ हा मूळ दोष नव्हे, मूळ दोष भिंतीतील भोकाचा आहे. पुढचे सगळे उपचार या एका गोष्टीवर उभे आहेत. गोळ्या, लेप, मालीश किंवा व्यायाम यांनी मोठ्या माणसातील हे भोक बुजत नाही, आणि तसे आश्वासन कोणी देत असेल तर तेथे पैसा व वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जांघेतील हर्नियाचे तीन प्रकार लक्षात ठेवावेत. पहिल्यात पिशवी वर सांगितलेल्या मार्गाच्या आतील तोंडातून शिरते आणि पुरुषांमध्ये अंडकोशापर्यंतही पोचू शकते. याला अप्रत्यक्ष हर्निया म्हणतात. लहान मुलांत आणि तरुणांत बहुधा हाच असतो, कारण जन्मापूर्वी बंद व्हायला हवी होती ती वाट उघडी राहिलेली असते. दुसऱ्या, म्हणजे प्रत्यक्ष प्रकारात मार्गाची मागची भिंतच वयोमानाने पातळ होऊन पुढे फुगते. तिसरा प्रकार मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारच्या अरुंद जागेतून, म्हणजे जांघेच्या घडीच्या खाली येतो. त्याला फेमोरल हर्निया म्हणतात. तो संख्येने कमी असतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. त्याची वाट अरुंद आणि तिच्या कडा कठीण असल्याने आतडे अडकण्याचा धोका त्यात इतर दोन प्रकारांपेक्षा कितीतरी जास्त असतो.

वाढते वय, घरात इतर कोणाला हर्निया असणे, अपुऱ्या दिवसांचा जन्म, धूम्रपान, जुनाट खोकला, शौचाला किंवा प्रोस्टेटच्या त्रासामुळे लघवीला सतत जोर लावावा लागणे, या गोष्टींनी शक्यता वाढते. "त्या दिवशी ते जड कपाट उचलले नसते तर हे झाले नसते," असे अनेक रुग्ण स्वतःला बोल लावत असतात. एखाद्या दिवशीच्या ताणाने गाठ प्रथम दिसू शकते, हे खरे. पण कमकुवतपणा बहुधा त्याच्या बराच आधीपासून असतो.

पहिली पायरी: गाठ नीट पाहणे

आरशासमोर कमरेखालचे कपडे काढून सरळ उभे राहावे आणि दोन्ही जांघा एकमेकींशी ताडून पाहाव्यात. नंतर तळहात संशयाच्या जागेवर सपाट ठेवून एकदा जोरात खोकावे. हर्निया असल्यास खोकल्याबरोबर हाताखाली काहीतरी टुणकन पुढे आल्यासारखे वाटते. मग पाठीवर झोपून गुडघे किंचित वाकवावेत आणि एकदोन मिनिटे थांबावे. फुगवटा आपोआप आत गेला, किंवा अगदी हलक्या हाताने वर सरकवल्यावर आत गेला आणि जाताना बुडबुड झाल्यासारखे वाटले, तर पिशवीत आतडे असावे असे समजावे. जोर लावून तो आत ढकलण्याचा प्रयत्न मात्र करू नये.

चार गोष्टी टिपून ठेवाव्यात: गाठ घडीच्या वर आहे की खाली, ती पूर्ण आत जाते की थोडी बाहेरच राहते, अंडकोशापर्यंत उतरते का, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी त्रास वाढतो. पुष्कळांना सकाळी काहीच जाणवत नाही, पण संध्याकाळपर्यंत जांघेत जड वाटते, ओढल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे होते. फार वेळ उभे राहणे, खोकणे, ओझे उचलणे यांनी ते वाढते आणि आडवे झाल्यावर कमी होते.

जांघेतील प्रत्येक गाठ हर्निया नसते. पायाला जखम किंवा संसर्ग झाला की जांघेतील लसिकाग्रंथी सुजतात आणि त्या आडवे झाल्यावर नाहीशा होत नाहीत. अंडकोशात पाणी साचले असेल तर सूज खालीच असते आणि तिच्या वरच्या बाजूला बोटांची चिमूट नीट बसते, तर अंडकोशात उतरलेल्या हर्नियाच्या बाबतीत तशी बसत नाही, कारण सूज वर पोटाकडे चालू असते. खेळाडूंना गाठ नसताना जांघेत दुखते तेव्हा पुष्कळदा कारण स्नायूचा ताण किंवा खुब्याचा सांधा असते. फुगवटाच नसेल तर केवळ दुखण्यावरून घाईने हर्नियाचे ऑपरेशन करून घेऊ नये.

ज्या वेळी थांबायचे नाही

हा भाग घरातील इतरांनाही वाचायला द्यावा. एरवी आत जाणारी गाठ अचानक आत जाईनाशी झाली, कडक व हात लावू न देण्याइतकी दुखरी झाली, तिच्यावरची त्वचा लालसर किंवा काळपट दिसू लागली, उलट्या सुरू झाल्या, पोट फुगले, शौच आणि वायू दोन्ही बंद झाले किंवा ताप आला, तर सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने जावे. आतडे भोकात अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत तो भाग मृत होऊ लागतो. मग साध्या ऑपरेशनच्या जागी आतड्याचा तुकडा काढण्याचे मोठे ऑपरेशन करावे लागते.

अशा वेळी काही खाऊ-पिऊ नये, जुलाबाचे औषध घेऊ नये, शेकू नये आणि गाठ दाबत बसू नये. रुग्ण वयस्कर असेल तर आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. उलट्या आणि पोटदुखी घेऊन आलेल्या वृद्ध स्त्रीच्या जांघेतील लहानशी गाठ कपड्यांखाली आणि चरबीखाली सहज नजरेतून सुटते. म्हणून जांघ तपासली का, हे नातेवाइकांनी संकोच न करता विचारावे.

गाठ पुष्कळ दिवसांपासून थोडी बाहेरच राहते, पण दुखत नाही, मऊ आहे आणि पोटाची तक्रार नाही, तर ती वर सांगितलेली आणीबाणी नव्हे. त्यासाठी मध्यरात्री धावण्याची गरज नाही. मात्र वेळ ठरवून काही दिवसांत ती दाखवून घ्यावी.

दुसरी पायरी: डॉक्टरांची तपासणी

नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सल्ल्याने जनरल सर्जनकडे जावे. तपासणी प्रथम उभे राहून आणि नंतर झोपून होते. सर्जन दोन्ही बाजू पाहतात, खोकायला सांगतात, पुरुषांमध्ये अंडकोशाच्या वरच्या बाजूने बोट हळूच मार्गाच्या बाहेरील तोंडाशी नेऊन धक्का जाणवतो का हे पाहतात आणि वृषणही तपासतात. लाज वाटणे स्वाभाविक आहे, पण केवळ झोपवून, कपड्यांवरून हात लावून झालेली तपासणी पुरेशी नसते. सकाळी गाठ दिसत नसेल तर संध्याकाळची वेळ घ्यावी किंवा ती बाहेर आलेली असताना मोबाइलवर एक छायाचित्र काढून न्यावे.

गाठ स्पष्ट असेल तर निदानासाठी सोनोग्राफीची आवश्यकता नसते. लक्षणे आहेत पण हाताला काही लागत नाही, पूर्वी त्याच बाजूला ऑपरेशन झाले आहे, किंवा स्त्री रुग्णात फेमोरल हर्नियाची शंका आहे, अशा वेळी सोनोग्राफी आणि क्वचित सीटी किंवा एमआरआय उपयोगी पडते. याउलट, कोणताही त्रास किंवा फुगवटा नसताना दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत "लहान हर्निया" असे लिहून आले, तर त्या एका ओळीवरून ऑपरेशन ठरवू नये.

जुना खोकला, बद्धकोष्ठता, लघवीची धार बारीक होणे या तक्रारी तिथेच सांगाव्यात. त्यांच्यावर उपचार न करता फक्त भोक बुजवले तर दुरुस्तीवर तोच ताण पुन्हा येत राहतो. शौचाच्या सवयीत नुकताच बदल झाला असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर तेही लपवू नये, कारण त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

तिसरी पायरी: आता की नंतर

त्रास नसलेला किंवा अगदी किरकोळ त्रास असलेला हर्निया असलेल्या पुरुषाने थांबले तर काय होते, हे पाहण्यासाठी उत्तर अमेरिकेत ७२० पुरुषांवर केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात थांबलेल्या गटात आतडे अडकण्याच्या आणीबाणीचे प्रमाण दर हजार रुग्णांमागे वर्षाला दोनहूनही कमी होते. म्हणजे योग्य माहिती आणि नियमित लक्ष असेल तर थांबणे सुरक्षित ठरते. पण त्याच गटातील सुमारे २३ टक्के पुरुषांनी दोन वर्षांत ऑपरेशन करून घेतले, आणि पुढील पाठपुराव्यात दहा वर्षांत हे प्रमाण ६८ टक्क्यांवर गेले. बहुतेकांचे कारण दुखणे वाढले हेच होते. मला यातून निघणारा अर्थ असा वाटतो की पुष्कळांच्या बाबतीत ऑपरेशन टळत नाही, फक्त त्याची वेळ स्वतःच्या सोयीने निवडता येते. त्या मधल्या काळात मधुमेह आटोक्यात आणता येतो, तंबाखू सोडता येते, कामाची किंवा परीक्षेची धामधूम संपू देता येते.

ही सबुरी सर्वांना लागू नाही. दुखण्यामुळे चालणे, काम किंवा झोप यांत अडथळा येत असेल तर थांबण्यात अर्थ नाही. फेमोरल हर्निया त्रास नसला तरी लवकर दुरुस्त करून घ्यावा. स्त्रियांमध्ये बाहेरून तपासून प्रकार नक्की करणे अवघड जाते, म्हणून त्यांनाही सहसा लवकर शस्त्रक्रियेचा आणि शक्य असल्यास दुर्बिणीतून करण्याचा सल्ला दिला जातो, कारण त्यात दोन्ही जागा आतून दिसतात. गरोदरपणात जांघेत सूज आली तर ती कधीकधी फुगलेल्या शिरांची असते आणि बाळंतपणानंतर जाते. त्यामुळे आधी सोनोग्राफी करून घ्यावी.

लहान मुलांचा नियम आणखी वेगळा आहे. तान्ह्या बाळाच्या जांघेतील हर्निया आपोआप बरा होत नाही आणि अडकण्याचा धोका जितके बाळ लहान तितका जास्त असतो, म्हणून निदान झाल्यावर बालशल्यचिकित्सकांच्या सल्ल्याने फार दिवस न घालवता शस्त्रक्रिया करतात. तिच्यात फक्त उघडी राहिलेली पिशवी बांधून टाकतात, जाळी बसवत नाहीत. बाळाच्या बेंबीचा हर्निया मात्र बहुधा पहिल्या काही वर्षांत आपोआप बुजतो. या दोहोंची गल्लत करून जांघेच्या हर्नियासाठी वाट पाहत बसणारे पालक आढळतात.

पट्ट्याविषयी थोडेसे. कमरेला बांधायचा हर्नियाचा पट्टा भोक बुजवत नाही. गाठ बाहेर असतानाच तो आवळला तर त्रास वाढू शकतो, आणि फेमोरल हर्नियासाठी त्याचा उपयोग नाही. इतर आजारांमुळे ज्यांना शस्त्रक्रिया शक्यच नाही अशांनी, आडवे होऊन गाठ पूर्ण आत घालवल्यावर आणि सर्जनने शिकवल्याप्रमाणेच, तो वापरावा.

चौथी पायरी: कोणती शस्त्रक्रिया

इटलीतील पादुआ येथील एदोआर्दो बासिनी यांनी १८८७ साली जांघेच्या भिंतीचे थर टाक्यांनी शिवून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि हर्नियाची शास्त्रशुद्ध दुरुस्ती सुरू झाली. शिवलेल्या थरांवर येणारा ताण ही तिची मर्यादा होती. कडा ओढून शिवल्याने दुखत असे आणि टाके कालांतराने निसटत. लॉस एंजेलिसमधील अर्व्हिंग लिश्टेनस्टाईन यांनी कडा न ओढता भोकावर कृत्रिम जाळी बसवण्याची पद्धत १९८० च्या दशकात रूढ केली. जाळीच्या छिद्रांतून शरीराच्या पेशी वाढतात आणि काही आठवड्यांत ती भिंतीचा भाग होते. आज मोठ्या माणसांत जाळी वापरणे हीच सर्वसाधारण रीत आहे, कारण तिच्यामुळे हर्निया पुन्हा होण्याचे प्रमाण बरेच घटले. ही जाळी बहुधा पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची असते, धातूची नव्हे. त्यामुळे पुढे एमआरआय करायला तिचा अडसर होत नाही. ज्यांना जाळी नकोच असेल त्यांच्यासाठी कॅनडातील शोल्डाइस पद्धतीने केवळ टाक्यांची दुरुस्ती हा चांगला पर्याय आहे, मात्र त्या पद्धतीचा नियमित सराव असलेला सर्जन मिळायला हवा.

जाळी बसवण्याच्या दोन वाटा आहेत. उघड्या पद्धतीत जांघेत काही सेंटीमीटरचा छेद घेऊन पुढच्या बाजूने जाळी बसवतात. ही शस्त्रक्रिया केवळ तेवढी जागा बधिर करूनही करता येते आणि हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्या वृद्धांसाठी हा फार मोठा फायदा आहे. दुर्बिणीच्या पद्धतीत तीन लहान छिद्रांतून, स्नायूंच्या मागच्या बाजूने, साधारण १० बाय १५ सेंटीमीटरची जाळी पसरतात आणि तिच्याखाली तिन्ही प्रकारांच्या जागा झाकल्या जातात. यासाठी बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते. सुरुवातीच्या दिवसांतील दुखणे कमी असते आणि कामावर लवकर परतता येते. दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा पूर्वी उघड्या पद्धतीने केलेली दुरुस्ती फसली असेल तर ही पद्धत विशेष सोयीची ठरते. याउलट दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर हर्निया पुन्हा झाला, किंवा ओटीपोटात प्रोस्टेटचे मोठे ऑपरेशन होऊन गेले असेल, तर पुढून जाणेच बहुधा सोपे पडते.

"कोणती पद्धत सर्वांत चांगली?" यापेक्षा "तुम्ही स्वतः कोणती पद्धत नियमित करता, आणि माझ्यासाठी तीच का?" हा प्रश्न सर्जनला विचारावा. सराव नसलेल्या हातांनी केलेल्या आधुनिक ऑपरेशनपेक्षा सरावातले साधे ऑपरेशन बरे. त्याच भेटीत आणखी एक विचारून घ्यावे: ऑपरेशनच्या वेळी दुसऱ्या बाजूलाही हर्निया आढळला तर काय करायचे? याचे उत्तर आणि तुमची संमती आधीच नोंदलेली असावी.

पाचवी पायरी: तयारी

घेत असलेल्या सर्व औषधांची यादी लिहून द्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहाची औषधे कधी थांबवायची व कधी सुरू करायची हे डॉक्टरच सांगतात. स्वतःहून बंद करू नयेत आणि सांगितल्यावर चालूही ठेवू नयेत. धूम्रपान किमान चार आठवडे आधी सोडल्यास जखम चांगली भरते आणि नंतरचा खोकलाही कमी होतो. जांघेतील केस घरी ब्लेडने काढू नयेत, बारीक जखमांतून संसर्ग होतो. भुलेपूर्वी साधारणपणे सहा तास अन्न आणि दोन तास पाणी बंद ठेवायला सांगतात, तरी तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळच पाळावी. त्या दिवशी सैल कपडे, घरी नेणारी एक प्रौढ व्यक्ती आणि पहिल्या रात्री सोबत, एवढे पुरते. ऑपरेशनच्या खोलीत जाण्यापूर्वी लघवी करून घ्यावी आणि जागे असताना योग्य बाजूवर पेनने खूण झाली आहे ना, हे स्वतः पाहावे.

सहावी पायरी: घरी आल्यानंतर

बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. त्याआधी एकदा लघवी झालेली असणे चांगले, कारण भुलीनंतर, विशेषतः वयस्कर पुरुषांमध्ये, लघवी तुंबण्याची शक्यता असते. घरी आल्यावर पोट भरल्यासारखे वाटूनही सहा-आठ तास लघवी झाली नाही तर रुग्णालयाशी संपर्क साधावा.

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत दुखतात. दुखणे असह्य होईपर्यंत वाट पाहून गोळी घेण्यापेक्षा सांगितलेल्या गोळ्या ठरलेल्या वेळी घेतल्या तर हालचाल सोपी होते. पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चालावे, त्याने पायातील शिरांत रक्त गोठण्याचा धोका कमी होतो. उठताना सरळ न बसता आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या आधाराने वर यावे. खोकताना, शिंकताना किंवा हसताना तळहात अथवा लहान उशी जखमेवर धरावी. टाके तुटतील या भीतीने खोकला दाबू नये. दुरुस्ती एवढी नाजूक नसते.

बद्धकोष्ठतेकडे दुर्लक्ष करू नये. भूल, कमी हालचाल आणि काही वेदनाशामके यांमुळे शौचाला दोन-तीन दिवस होत नाही आणि मग जोर लावावा लागतो. भरपूर पाणी, तंतुमय आहार आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेले सौम्य रेचक सुरुवातीपासून घ्यावे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपडे बदलताना रुग्ण हमखास घाबरतो. अंडकोश आणि लिंगाचे मूळ सुजून निळे-जांभळे झालेले असते. आतले थोडे रक्त उताराने खाली झिरपते, एवढेच त्याचे कारण. हा रंग पुढे हिरवट, मग पिवळसर होतो आणि दोन-तीन आठवड्यांत जातो. आधार देणारी घट्ट चड्डी आणि कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवल्याने आराम पडतो. त्यानंतर उघड्या ऑपरेशनच्या रुग्णांना जखमेखाली बोटाएवढी कडक वळकटी लागते. ती हर्निया परत आल्याची खूण नसून भरून येणारी जखम आहे, आणि ती मऊ व्हायला काही महिनेही लागतात. जुन्या गाठीच्या जागी पाणी साचून तसाच फुगवटा दिसला तर तो खोकल्याने वाढत नाही आणि बहुधा काही आठवड्यांत शोषला जातो. घाईने सुईने पाणी काढल्यास संसर्ग आत जाऊ शकतो, म्हणून सर्जनशिवाय कोणाला तसे करू देऊ नये.

ड्रेसिंग जलरोधक असेल तर एक-दोन दिवसांत अंगावर पाणी घेऊन आंघोळ करता येते. जखम पूर्ण बंद होईपर्यंत टबात किंवा तलावात मात्र उतरू नये. अचानक जोरात ब्रेक दाबताना दुखत नाही आणि गुंगी आणणारी औषधे थांबली आहेत, याची खात्री झाल्यावरच वाहन चालवावे. बैठे काम बहुतेकांना एक ते दोन आठवड्यांत जमते. लैंगिक संबंध दुखत नाही असे वाटल्यावर सुरू करण्यास हरकत नसते.

ओझे किती दिवस उचलायचे नाही, या प्रश्नावर प्रत्येक सर्जनचे उत्तर निराळे मिळते आणि रुग्णाचा गोंधळ होतो. जुनी रीत सहा आठवडे किंवा त्याहून अधिक विश्रांतीची होती. अलीकडची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की साध्या ऑपरेशननंतर तीन ते पाच दिवसांनी, शरीर साथ देईल तशी, नेहमीची कामे सुरू करावीत, लवकर हालचाल केल्याने हर्निया परत येण्याचे प्रमाण वाढत नाही. तरीही खूप जड वजने आणि पोटावर ताण देणारे व्यायाम यांसाठी चार ते सहा आठवडे थांबायला अनेक जण सांगतात. अंगमेहनतीचे काम करणाऱ्याने हा प्रश्न ऑपरेशनच्या आधीच स्पष्ट विचारावा, म्हणजे रजेचा हिशेब चुकत नाही. दुखू लागले की थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी थोडे कमी करायचे, ही मोजपट्टी एरवी पुरेशी आहे.

नंतरचे महिने

ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाणे, जखमेतून पू येणे किंवा तिच्याभोवती लाली पसरणे, सूज झपाट्याने वाढणे, वृषण फार दुखणे, पोटरी सुजून दुखणे, दम लागणे किंवा उलट्या होत राहणे, यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये. दम लागणे किंवा छातीत दुखणे असेल तर थेट आपत्कालीन विभागातच जावे.

जांघेच्या कातडीत किंवा मांडीच्या वरच्या भागात बधिरपणा पुष्कळांना जाणवतो, कारण तिथल्या बारीक नसा ऑपरेशनच्या वाटेतच असतात. तो हळूहळू कमी होतो, थोडा कायमही राहू शकतो. तीन महिन्यांनंतरही राहणारे दुखणे ही या शस्त्रक्रियेची खरी अडचण आहे, आणि तिची कल्पना संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी दिली गेली पाहिजे. काही ना काही दुखणे सुमारे १० ते १२ टक्के रुग्णांना राहते, तर रोजच्या कामात अडथळा आणणारे दुखणे वेगवेगळ्या अभ्यासांत अर्धा ते सहा टक्क्यांपर्यंत आढळले आहे. ऑपरेशनपूर्वीच खूप दुखत असलेल्यांना आणि तरुणांना ही शक्यता अधिक असते. असे झाल्यास "मनाचे खेळ आहेत" असे कोणी म्हटले तर ऐकून घेऊ नये. नसांवरची औषधे, बधिर करणारी इंजेक्शने आणि क्वचित दुसरी शस्त्रक्रिया असे उपचार उपलब्ध आहेत आणि ते वेदनातज्ज्ञाच्या मदतीने टप्प्याटप्प्याने करतात.

एका बाजूची दुरुस्ती झाल्यावर पुढे दुसऱ्या बाजूला नवा हर्निया होऊ शकतो, म्हणून तीच आरशासमोरची तपासणी अधूनमधून करावी. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे आणि त्यावर हर्नियाचा प्रकार, पद्धत उघडी की दुर्बिणीची, जाळी कोणती व कुठल्या थरात बसवली, एवढे लिहून घेतल्याशिवाय रुग्णालय सोडू नये. दहा-पंधरा वर्षांनी हर्निया पुन्हा झाला किंवा प्रोस्टेटचे ऑपरेशन करावे लागले, तर पुढच्या सर्जनला कुठल्या वाटेने आत जायचे हे याच नोंदीवरून ठरवावे लागते.